केळी शिजवणारा रिले

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची माझी इच्छा नाही. पण रीत आहे म्हणून म्हणतो. मी एक जळका सॉलिड स्टेट रिले आहे. एरंडोलच्या हस्तीमल शेठच्या केळी पिकवण्याच्या खोलीबाहेर एक पॅनेल आहे. त्यातल्या हिरव्या सर्किट बोर्डावर मी राबलो. थंडीत खोली गार पडली की थर्मोस्टॅट हुकूम सोडायचा आणि मी हीटरला वीज द्यायचो. ऊब आली की तोडायचो. ना खटका, ना आवाज. त्यामुळे मी आहे हेच कुणाच्या गावी नव्हते. केळी पिवळीधमक निघाली की शेठ स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायचे.

माझ्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या होत्या. त्यांना हवा लागली तरच माझा ताप उतरतो. दसऱ्याला पॅनेलचे दार उघडून पूजा झाली आणि शेठच्या सुनेने, रिद्धीने, झेंडूचा जाडजूड हार नेमका त्या पट्ट्यांवर चढवला. पूजेचा हार आपण कसा उतरवायचा, म्हणून कोणी हात लावेना. फुले वाळून पट्ट्यांत गच्च बसली. थंडी पडली, हीटर चालू झाला आणि मी देवाच्या नावाने भाजत राहिलो. शेवटी आतल्या आत वितळून चिकटलो. आता हुकूम असो नसो, हीटर चालूच. खोलीभर केळी शिजून काळी पडली.

शेठने माझ्याकडे पाहिलेही नाही. ते खोली सांभाळणाऱ्या ताईबाईवर धावून गेले. "तूच थर्मोस्टॅटचं बटण फिरवलंस! उद्यापासून येऊ नकोस."

"शेठ, त्या बटनले मन्हा हात बी लागना नही," ती रडवेली होऊन म्हणाली. कोण ऐकतो? तिची इतक्या वर्षांची नोकरी गेली. मला भयंकर संताप आला.

मग मेकॅनिक योगराज आला. त्याने थर्मोस्टॅट बदलला, सेन्सर बदलला. माझ्या अंगावरचा छोटा दिवा विझलेला पाहून म्हणाला, "रिले बंद आहे, म्हणजे ठीक आहे." मूर्ख! तो दिवा हुकूम आला की नाही एवढेच सांगतो. माझ्या पोटातले त्याला काय कळणार? अखेर वैतागून त्याने थर्मोस्टॅटकडून माझ्याकडे येणारी हुकमाची तारच उपटली. हीटर तरीही तापलेलाच.

"शेठ, रिलेच गेलाय. बाईचा काही दोष नाही."

शेठने ताईबाईला बोलावून घेतले. "ये उद्यापासून," एवढेच म्हणाले. माफीचा शब्द नाही.

"आते माले हाई काम नको, शेठ," ती म्हणाली आणि चालू लागली.

भंगाराच्या डब्यातून मी ते पाहिले. मित्रांनो, आमच्या पाठीला हवा लागू द्या. तेवढेही जमत नसेल, तर बिघाड झाल्यावर आधी आम्हाला तपासा, माणसाला मग हाकला.