फलकावरच्या सायकली

सायकल ट्रॅकच्या तोंडाशी लावलेला आकड्यांचा फलक सकाळपासून नुसता पळत सुटला होता. जमिनीत पुरलेल्या यंत्रावरून सायकल गेली की आकडा एकाने वाढायचा. गेल्या वर्षीच्या दुप्पट सायकली! पालिकेत सायकल ट्रॅकचं काम बघणाऱ्या मधुसूदन सरांचा आनंद गगनात मावेना. "स्वरूपा, शिफ्टच्या वेळेचा झकास फोटो आण. आजच्या बैठकीत ट्रॅक वाढवून घेऊ." आकडा कमी आला असता, तर हीच जागा पार्किंगला जाणार होती.

फोटो काढायला स्वरूपा महाळुंग्याच्या रस्त्यावर आली आणि तिने वर केलेला मोबाइल खाली घेतला. ट्रॅकवर सगळ्या मोटारसायकली. ट्रॅफिक चुकवायला एकामागून एक आत घुसत होत्या आणि ते शहाणं यंत्र प्रत्येकीला सायकल म्हणून मोजत होतं.

खरं सांगितलं तर ट्रॅकच जाणार. आणि तिचे वडील, रंगराव, याच वाटेने कंपनीत जायचे. "तुझ्या आकड्यात माझी बी एक सायकल हाय, माय," असं घरी कौतुकाने सांगायचे. ती त्यांना शोधू लागली. शिफ्टची वेळ होत आली, तरी त्यांचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात मुख्य रस्त्यावर कर्कश हॉर्न वाजला. दोन कंटेनरांच्या मधल्या फटीत रंगराव होते, हँडलला डब्याची पिवळी पिशवी.

"अण्णा!"

कंटेनर मध्ये आला. ते दिसेनासे झाले. स्वरूपा रस्त्याकडे धावली. कंटेनर पुढे सरकला तेव्हा रंगराव कडेला पाय टेकून उभे होते, घामाघूम.

"तुम्ही रस्त्यावरून का येता?" ती ओरडलीच.

"लई दिवस झाले. ट्रॅकवर गाडीवाले मागून धक्के देत्यात. सगळेच सायकलवाले हितून जातो आमी. तुझ्या कामाला बट्टा नको म्हणून बोललो न्हाई."

तिला रडू आलं आणि रडण्याहून जास्त संताप. तिने आपली स्कूटी ट्रॅकच्या तोंडाशी आडवी लावली, एक सायकल जाईल एवढीच जागा सोडून. हॉर्नचा गदारोळ उठला. "ओ ताई, डोकं फिरलंय का?" ती जागची हलली नाही.

फलक थांबला. लगेच सरांचा फोन आला. "इकडे ऑफिसात आकडा अडकलाय. यंत्र बिघडलं का?"

"इतके दिवस बिघडलेलं होतं, सर. बैठकीत मी तेच सांगणार आहे."

रंगराव त्या जागेतून हळूच आत शिरले. आकडा एकाने वाढला. रस्त्यावरच्या बाकीच्या सायकली त्यांच्यामागे वळू लागल्या.