सासऱ्यांची टिपणं

घड्याळांचं दुकान बंद केल्यावर सासऱ्यांनी जुनी घड्याळं दुरुस्त कशी करायची, ते सांगणारी वेबसाइट काढली. तिचा सर्व्हर सांभाळायची सूनबाई. तिचा पेशाच तो.

एका सकाळी कुणा अनोळखी वाचकाची मेल आली. सासऱ्यांनी ती वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"हा विचारतोय, सुनेची तब्येत आता कशी आहे. याला कुणी सांगितलं गं?"

सूनबाईने शोध घेतला. सासरे रोजची टिपणं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहीत आणि ती ठेवत साइटच्याच फोल्डरात, घड्याळांच्या फोटोंशेजारी.

"बाबा, सर्व्हर भोळा आहे. जो जे मागेल, ते काढून देतो."

"म्हणजे माझ्या पोटातलं सगळ्या गावासमोर उघडं?" म्हाताऱ्याचे कान लाल झाले.

"आता त्याला बजावते. पानं आणि फोटो, एवढंच द्यायचं. बाकी कुठल्याही प्रकारची फाइल कुणी मागितली, तर सरळ नाही म्हणायचं."

तिने टिपणांची फाइल फोल्डरातून बाहेर हलवली, कुठल्या प्रकारच्या फाइली द्यायच्या याची यादी लिहिली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. एक खोटी मजकुराची फाइल ठेवून ती मागून पाहिली. 'परवानगी नाही' असं उत्तर आलं. ती निर्धास्त होऊन कामावर गेली.

दुपारी सासऱ्यांचा फोन. "अगं, चोराला सोडून संन्याशाला फाशी. घड्याळांच्या भागांच्या माझ्या आकृत्या कुणालाच उघडेनात."

आकृत्या पीडीएफमध्ये होत्या. तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. तिने कपाळाला हात लावला, फोल्डरातली एकूण एक पीडीएफ उघडून पाहिली, त्यांत खासगी काही नाही याची खात्री केली आणि मगच तो प्रकार यादीत घातला.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा सासरे भिंग पुसत बसले होते. बराच वेळ पुसत होते.

"तू वाचलंस का गं ते?"

"कुठली फाइल ते कळायला दोन ओळी वाचल्या. पुढे नाही."

"कुठल्या दोन?"

"'सूनबाई आज दवाखान्यातून घरी आली. मी दोनदा दार उघडून पाहिलं, झोपली आहे ना नीट.'"

सासऱ्यांनी भिंग खाली ठेवलं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

"लिहायचं थांबवू नका, बाबा," ती म्हणाली. "फक्त त्या फोल्डरात नको."

"मग कुठे ठेवू, ते दाखव," म्हणत त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.