उतारानं जाऊ नका

कोर्टाची नोटीस सावकारी करणाऱ्या शेठच्या हातात पडली, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून हिरामण नवसूच्या झोपडीसमोर येऊन बसू लागला.

हिरामण शेठचा वसुलीचा माणूस. सकाळी यायचा, दगडावर बसायचा, ऊन कललं की उठून जायचा.

नवसू आणि त्याची बायको पुतळी बारवी नदीपलीकडच्या ठाकूरपाड्यात राहत. बाहेर जायची नेहमीची वाट नदीच्या उतारावरून, उथळ पाण्यातून, जायची. लग्नाच्या वेळी घेतलेल्या उचलीपायी नवसू अकरा वर्षं शेठच्या शेतात फुकट राबत होता, आणि बापाचं भाताचं खाचरही शेठनंच ठेवून घेतलं होतं. शेतकऱ्यांची कर्जं कोर्टात तोडून देणारा कायदा झालाय, हे पुतळीला बदलापूरच्या बाजारात मोळी विकताना कळलं. तिनं शाळेच्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला आणि नवसूचा अंगठा उठवला.

आता शेजारचा वाळू त्यांच्या दारात पाऊल टाकीना. "अर्ज मागं घे," तो लांबूनच म्हणाला. "तो हिरामण आमच्या घराकडं पण बघतो."

त्याच आठवड्यात पुतळीची गाभण शेळी रानातून परत आली नाही. सकाळी दारात तिचं दावं तेवढं पडलं होतं, कापलेलं.

तारखेच्या आदल्या दुपारी पुतळी हिरामणपुढं जाऊन उभी राहिली. "कशाला बसतोस? काय करायचं ते करून टाक."

हिरामणनं आजूबाजूला पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "उद्या नदीच्या उतारानं जाऊ नका."

"धमकी देतोस?"

तो उठला आणि चालता झाला.

ते ऐकून नवसूनं दार लावून घेतलं. "जायचंच नाय. मारतील."

"तो उताराचं बोलला, रानातल्या वाटेचं नाय," पुतळी म्हणाली. "माझ्या लग्नाचं कर्ज हाय. मी जाणार, तू यायचंस."

उजाडताच दोघं डोंगर चढून रानातून अंबरनाथला उतरली आणि गाडीनं कल्याणला पोहोचली. कोर्टात शेठनं त्यांना पाहिलं. त्याचा वकील बोलत होता, पण शेठ सारखा दाराकडं बघत होता, जणू कुणी तरी यायचं राहिलं होतं.

न्यायाधीशांनी नवसूला विचारलं, "अकरा वर्षांत मजुरी मिळाली?"

"नाय, साहेब. पोटाला भात."

ती मजुरी धरून कर्ज फिटलं, असा निकाल झाला. खाचर नवसूला परत मिळालं. नवसूला निकाल तीनदा समजावून सांगावा लागला.

पाड्यावर आल्यावर वाळूनंच सांगितलं. नदीच्या उतारावर चार माणसं कोयते घेऊन दुपारपर्यंत बसली होती.

हिरामण पुन्हा आला नाही. चौथ्या दिवशी त्याची बायको कौसाबाई आली. केस विस्कटलेले, पाय चिखलानं भरलेले.

"बाई, माझा मालक इकडं दिसला का?"

"नाय. का?"

"शेठनं विचारलं, नवसूला उताराचं कोण बोललं. यानं 'मी नाय' असं म्हटलं नाय. तवापासून घरी आला नाय." ती ओट्यावर टेकली. "याच्या बापाचं कर्ज होतं शेठकडं. म्हणून बसायचा इथं. बसायचा आणि घरी येऊन जेवायचा नाय."

आपण त्याला काय काय बोललो ते पुतळीला आठवत राहिलं. दुसऱ्या दिवशी ती कौसाबाईला घेऊन मास्तरांकडं गेली. हिरामणच्या बापाच्या कर्जाचा अर्ज लिहिता लिहिता मास्तर थांबले.

"नवरा हयात आहे असं लिहू ना?"

कौसाबाईनं पदर डोक्यावर सारखा केला. मग म्हणाली, "लिहा."

दिवाळीआधी नवसूनं आपलं भात आपल्या खळ्यावर आणलं. कुणी तरी म्हणालं, हिरामणसारखा माणूस उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात गोणी वाहताना दिसला. पुतळी आणि कौसाबाई दोनदा जाऊन आल्या. बराकीमागून बराकी फिरल्या, सिंधी दुकानदारांना विचारलं. तसा माणूस कुणी पाहिला नव्हता.