एका दमात

होबर्टचं तोंड समोर दिसल्याशिवाय डेल्फाला गाता येत नसे. ते काही लाडाचं नव्हतं. त्यांच्या चर्चमध्ये वाद्य वर्ज्य होतं. एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती मागून उचलायची, अशी तिथली रीत. ओळ कुठे उचलायची आणि कुठे सोडायची हे समोरच्याच्या ओठांवरून कळायचं. बहीणभाऊ लहानपणापासून तसंच गात आले होते, आधी चर्चच्या बाकांवर आणि मग घराच्या ओसरीवर, समोरासमोर. डेल्फा वरचा सूर धरी आणि होबर्ट खालून तिला टेकू देई.

बाप कोळशाच्या खाणीत दरड कोसळून गेला, आणि पुढे होबर्टही त्याच खाणीत उतरला. डेल्फा गाणी रचू लागली. चाळिशी गाठायच्या आत होबर्टची छाती म्हाताऱ्याची झाली. डॉक्टरने त्याला नळीत फुंकायला लावलं, कागदावरची रेघ पाहिली आणि म्हटलं, ‘‘आता खाण नको.’’ होबर्ट म्हणाला, ‘‘खाणीला सांगा. ती आत शिरलीय.’’

तेव्हापासून डेल्फाची रचना बदलली. ओळ लांब होऊ लागली की ती मधेच मोडायची आणि श्वासापुरती जागा सोडायची. हे तिने होबर्टला कधी सांगितलं नाही. त्यालाही ते कळलं असणारच, पण तोही कधी बोलला नाही.

दोघांच्या नावावर दोन छोट्या तबकड्या निघाल्या होत्या. त्या डोंगरातल्या रेडिओवर वाजल्या आणि तिथेच राहिल्या. पुढे नॅशव्हिल शहरातल्या एका तबकडी कंपनीने डेल्फाला एकटीला बोलावलं. तिची पहिली मोठी तबकडी पडली. दुसरीच्या वेळी लॅनिंग नावाच्या निर्मात्याने तिला समोर बसवून सांगितलं, ‘‘पोरी, ही चालली नाही तर मला तुझ्यासाठी भांडता येणार नाही. परत गावी जाशील आणि शिवणाच्या कारखान्यात बसशील. मी घाबरवत नाही, नुसतं सांगतोय.’’

डेल्फाने एकच अट घातली. ‘भरला डबा’ हे गाणं ती होबर्टबरोबर गाणार.

ते गाणं बापावर होतं. ज्या दिवशी माणूस खाणीत सकाळीच जिवानिशी जातो, त्या दिवशी त्याचा जेवणाचा डबा न उघडताच घरी येतो. धृपदाची ओळ होती:

*डबा भरलेला घरी परतला, डबा नेणारा परतला नाही.*

पहिल्या ‘परतला’नंतर श्वासाची जागा होती. ती होबर्टची.

लॅनिंगला दोघं काचेच्या दोन बाजूंना हवी होती. डेल्फा म्हणाली, ‘‘मग माझ्याच्याने होणार नाही.’’ शेवटी दोघांना एकाच खोलीत समोरासमोर उभं केलं आणि दोघांना दोन माइक दिले. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर बसणारा वेन कुरकुरला, ‘‘याचा आवाज तिच्या माइकमध्ये शिरेल.’’

‘‘शिरू दे. आधी गाऊ तर देत,’’ लॅनिंग म्हणाला.

होबर्टला उंच स्टूल दिलं होतं. त्याने चहूकडे पाहिलं. ‘‘डेल्फे, इथं थुंकायला कुठं काही ठेवलेलं नाही गं. खाली सगळा गालिचा.’’

‘‘गिळ.’’

‘‘कोळसा गिळतच आलोय.’’

वेन काचेमागे हसला. मग ते गायले. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या, पण तिसऱ्यांदा ते दोघं ओसरीवर होते तसे गायले. शेवटच्या धृपदात ‘परतला’नंतर होबर्टने छातीतून हवा ओढली. ती सरळ आली नाही, अडखळत आली, आणि तिच्या टोकाला एक छोटा खोकला निघाला. त्याने मूठ तोंडावर धरली, पण नजर डेल्फावरून हलू दिली नाही. डेल्फा त्याच्यासाठी थांबली, आणि दोघांनी मिळून ओळीचा उरलेला अर्धा भाग उचलला.

संध्याकाळच्या बसने होबर्ट घरी बायकोकडे, ओपलकडे गेला. जाताना म्हणाला, ‘‘बरं झालं ना? ओपलला सांगू ना, मी तबकडीवर आहे म्हणून?’’

‘‘सांग की.’’

त्या आठवड्याच्या शेवटी लॅनिंगने डेल्फाला बोलावून घेतलं. होबर्टच्या जागी डग्लस नावाच्या गायकाचा आवाज आधीच भरून झाला होता. गोड आणि स्वच्छ आवाज. असे आवाज नॅशव्हिलमध्ये हाक मारली की मिळत. डेल्फा उभीच राहिली.

‘‘होबर्टचं कुठंय?’’

‘‘बस आधी. त्याच्या माइकची पट्टी टेपवरून काढली. लोक गाणं ऐकायला येतात पोरी, दवाखान्यात येत नाहीत.’’

‘‘मला विचारलं नाहीत.’’

‘‘आता विचारतोय. कारण अडलंय. वेन, ऐकव तिला.’’

वेनने बाकी सगळं बंद केलं आणि फक्त डेल्फाच्या माइकची पट्टी वाजवली. तिचा आवाज जवळून आला, आणि त्याच्या मागे भिंतीपलीकडून यावा तसा होबर्ट. ‘परतला’नंतर ती गप्प होती, म्हणून तिथे तर तोच होता: ओढलेली हवा आणि तो खोकला.

‘‘त्याची पट्टी काढली, पण तो तुझ्या पट्टीत बसलाय,’’ वेन म्हणाला. ‘‘वेगळा करता येत नाही. साखर चहात विरघळल्यासारखं आहे.’’

‘‘तू पुन्हा गायलीस तर जाईल,’’ लॅनिंग म्हणाला. ‘‘तुझ्याशिवाय हे कोणी करू शकत नाही. नाहीतर हे गाणं तबकडीत नाही, आणि या गाण्याशिवाय तबकडीत आहे काय?’’

डेल्फाने काचेपलीकडच्या स्टुलाकडे पाहिलं. तिला शिवणाचा कारखाना दिसत होता. ओळीने मांडलेली यंत्रं, वाकलेल्या माना आणि त्यातली एक मान तिच्या आईची. तिने कोट काढून खुर्चीवर टाकला.

तिने कानांवर हेडफोन चढवले. वेनचा आवाज आला, ‘‘लाल दिवा लागला की त्या पट्टीवर आधीचं काही उरत नाही. लावू?’’

प्रत काढून ठेवता येईल का, हे तिच्या ओठांपर्यंत आलं. पण त्यासाठी दुसरं यंत्र जोडावं लागलं असतं. लॅनिंग दाराशी उभा राहून घड्याळाला किल्ली देत होता, आणि आता कुठे खुशीत आलेल्या माणसाला पुन्हा अडवायचं तिला नको वाटलं. खरं म्हणजे एवढंच. तिने मान हलवली.

लाल दिवा लागला. समोर कोणी नव्हतं. तिने डोळे मिटले आणि डग्लसच्या आवाजावर आपला आवाज ठेवला. शेवटचं धृपद आलं. ‘परतला’ आलं. थांबायचं आहे हे तिला ठाऊक होतं. पण छातीत हवा भरपूर होती, आणि ओळ आपोआप पुढे गेली, न मोडता थेट ‘नाही’पर्यंत. त्या ‘नाही’ला अशी धार आली की तिच्या स्वतःच्या मानेवर काटा आला.

लॅनिंग दार ढकलून आत आला. ‘‘हीच! हीच ओळ! इतके दिवस कुठे लपवून ठेवली होतीस?’’

डेल्फाला उत्तर माहीत होतं. तिने पाणी मागितलं.

तबकडी चालली. चालली म्हणजे धावलीच. दुकानांतून, ट्रकमधून, न्हाव्याकडच्या रेडिओवरून तीच ओळ ऐकू येऊ लागली. पण डोंगरातल्या रेडिओवर वाजायच्या आधी डेल्फा तबकडी घेऊन स्वतः गावी गेली. होबर्टला तोंडाने सांगायचं, मग ऐकवायची, असं तिने वाटेत ठरवलं होतं.

होबर्ट खिडकीपाशी खुर्चीत होता, शेजारी प्राणवायूचं नळकांडं. ओपलने घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव पुढे केला. ‘‘गावभर सांगून आलाय,’’ ती म्हणाली. ‘‘चर्चमध्ये तर वडीलधाऱ्यांनी कानउघाडणी केली. म्हणे, नॅशव्हिलच्या वाद्यांवर गातोस आणि वर मिरवतोस.’’

‘‘आधी लाव ती,’’ होबर्ट म्हणाला. ‘‘खाणं पळून जात नाही.’’

‘‘होबर्ट, आधी ऐक, मला काय...’’

‘‘लाव गं.’’

तिने लावली. पहिल्या ओळीला तो हसला, तिच्या सुरासाठी. दुसऱ्या आवाजावर त्याने मान थोडी तिरपी केली, जशी डोक्यावरच्या दगडातून आवाज आला की खाणीतली माणसं करतात. मग तो हलला नाही. शेवटचं धृपद येऊन गेलं. सुई फिरत राहिली. ओपल तिला उचलायला उठली नाही.

‘‘एका दमात म्हटलीस,’’ होबर्ट म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘ओळ तशीच होती ना मुळात? मोडलेली नव्हती.’’

डेल्फाने सुई उचलून बाजूला ठेवली.

‘‘चांगली झालीय. खरंच चांगली झालीय.’’ मधे थांबून त्याने नळीतून हवा घेतली. ‘‘आणि माझं काय केलं त्यांनी? कापून कुठं ठेवलंय?’’

‘‘पुसलं.’’

‘‘सगळं?’’

‘‘सगळं.’’

तिने ‘त्यांनी’ म्हटलं नाही, आणि ‘मी’ही म्हटलं नाही. होबर्ट खिडकीबाहेर बघू लागला. मग म्हणाला, ‘‘ओपल, तिला ताक दे. प्रवासातून आलीय.’’

तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. तिच्या फोनवर तो हवापाण्याचं बोले आणि कुत्र्याचं बोले. हिवाळ्यात तो गेला. अंत्यविधीला चर्चमध्ये एका म्हाताऱ्याने ओळ सांगितली आणि सगळ्यांनी ती उचलली. डेल्फाने तोंड उघडलं, पण समोरच्या बाकावर बघायला कोणी नव्हतं, आणि ती ओळ तिच्यावाचूनच पुढे गेली.

दफन झाल्यावर ओपलने तिला स्वयंपाकघरात गाठलं. शेजारणींनी आणलेल्या पातेल्यांच्या गर्दीत ती हात पुसत उभी होती.

‘‘डेल्फा, त्याच्या जुन्या तबकड्या झिजून गेल्यात. नुसती खरखर येते. तुमच्या तिथं त्याचं काही उरलं असेल ना? एवढी मोठी यंत्रं.’’

‘‘ओपल...’’

‘‘गाणं नको गं. गाणं नको मला.’’ तिने फडकं खाली ठेवलं. ‘‘रात्री घर एवढं गप्प असतं की झोप येत नाही. इतकी वर्षं त्याच्या खोकल्यावर झोपत आले. नुसता खोकलेला असेल कुठं, तर तेवढंही पुरे.’’

डेल्फाने तिच्याकडे पाहिलं. सांगायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं.

‘‘विचारते मी वेनला,’’ ती म्हणाली.

ओपलने तिचा हात दाबला आणि पाहुण्यांना कॉफी द्यायला बाहेर गेली. पुढे डेल्फा जेव्हा जेव्हा गावी आली, तेव्हा तिचा कोट खुंटीला लागायच्या आत ओपल विचारायची, ‘‘सापडलं काही?’’