एकशे बाराव्या पानावरचं गाव

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. इस्तंबूलला, सुलतानाच्या अर्थखात्यात माझं आयुष्य गेलं. मी जन्मले तेव्हा खातं वगैरे नव्हतं. दफ्तरदार होते आणि त्यांची बिनठिपक्यांची, गाठी पडलेली लिपी होती. खजिन्याचं गुपित फुटू नये म्हणून कारकून ती फक्त आपल्या मुलांना शिकवत. पुढे नवी इमारत झाली, छापील तक्ते आले, साधी लिपी आली. माझा मान गेला, पण मला टाकताही येईना, कारण गावोगावच्या जुन्या सवलती माझ्याच पोटात होत्या. आणि मला वाचणारा एकच माणूस उरला, नझीफ एफेंदी, म्हणजे नझीफसाहेब.

त्यांना मूलबाळ नव्हतं. शेजारी बसणारा कारकून शेवकी ही लिपी शिकवा म्हणून मागे लागला, की म्हणायचे, "तुला शिकवलं, की मला कोण विचारणार?" मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. नोकरी जाईल म्हणून त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. मला मात्र कळलं. त्यांचं बोट ओळीवरून घसरायचं.

एक दिवस गुलसुम नावाची म्हातारी आली. तिचं गाव डोंगरातली खिंड राखायचं, त्याबदल्यात शेतसारा माफ होता. आता साऱ्याचा ठेकेदार खळ्यावर येऊन बसला होता. पुरावा आणा, नाहीतर बियाण्यासकट धान्य नेतो, म्हणत होता.

"एफेंदी, पणजोबांपासून ऐकतोय, इथे लिहिलंय म्हणून."

"बघतो, मावशी."

शेवकी हसला. "बघू द्या त्यांनाच. ही लिपी सैतानालासुद्धा यांना विचारून वाचावी लागते!"

नझीफ एफेंदींनी अंदाजाने मला उघडलं. नशिबाने पान एकशे बारावंच निघालं. त्यांचं बोट तिच्या गावाच्या नावावर टेकलं. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, हेच, अहो, हेच! पण वहीला तोंड नसतं.

"नाही. असं काही नाही इथे."

"पुन्हा एकदा बघा ना. बी गेलं तर पेरायचं काय आम्ही?"

"चाळीस वर्षं वाचतोय मी! तू मला शिकवतेस?"

शेवकीने मान खाली घातली. त्याला शंका आली असावी, पण तो भांडणार कशाच्या जोरावर? म्हातारीने मला उचललं, ओठांना आणि मग कपाळाला लावलं.

"म्हणजे आमचे म्हातारेच खोटं बोलले," ती म्हणाली आणि गेली.

नझीफ एफेंदी वारले. आता मला कुणीच वाचत नाही. मित्रांनो, दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. येतं ते दुसऱ्याला शिकवून ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणी त्या खिंडीकडे गेलंच, तर गुलसुमच्या माणसांना एवढं सांगा हो, तुमचे म्हातारे खरं बोलत होते.