भिंतीवरचा शुभविवाह

घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातली चिंधीसुद्धा धुवायची राहत नाही. गोधड्या, पडदे, देवाची भांडी, पोळपाट, सगळं बाहेर निघतं. आमच्या सासूबाई, साळुबाई, या बाबतीत इतक्या कडक, की मागच्या वर्षी त्यांनी केरसुणीलाही साबण लावला होता. धुतलेल्या केरसुणीनं त्या कुठला स्वर्ग झाडणार होत्या कुणास ठाऊक, पण बोलायची सोय नाही.

या वर्षी सगळं धुऊन झालं, दोरीवर गोधड्या पडल्या, आणि अंगणात कंबरेवर हात ठेवून बघते तर घराचंच तोंड काळं. पावसानं भिंतींना खालून हिरवं शेवाळ धरलेलं आणि वरून स्लॅबच्या कडेपासून काळे ओघळ. मी म्हटलं, आई, चिंध्या धुतल्या, आता घर कोण धुणार? त्या म्हणाल्या, धू की, तुला कुणी धरलंय का? झालं. मला तेवढंच पाहिजे होतं.

कारण गोठ्यात पोत्याखाली ते मशीन होतं. प्रेशर वॉशर. माझ्या नवऱ्यानं, संपतनं, टोमॅटोची पिकअप धुवायला मागवलेलं. नवऱ्याचं मी नाव घेऊन बोलते, ज्याला खटकेल त्यानं कान बंद करावेत. त्या मशीनला त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा घरात कायदा. मला ताप आला तर उशाला गोळी ठेवून हा शेतात जाणार, आणि मशीनला मात्र पोतं पांघरून निजवणार. पण तो रात्रीच टोमॅटो भरून माळशेज घाटातनं कल्याणला गेला होता आणि दुपारपर्यंत परत यायचा होता. म्हणजे कायदाही कल्याणला गेला होता.

टाकीला पाइप जोडला, वायर खिडकीतनं आत घेतली आणि गनचा खटका ओढला. अगं बाई, काय सांगू! धार जिथं बसली तिथलं शेवाळ गेलंच. घासायचं नाही, खरडायचं नाही, नुसतं बोट दाखवल्यासारखं करायचं. काळ्याच्या खालून आमचा विसरलेला पिवळा रंग असा उघडा पडला की मला एकटीलाच हसू फुटलं. आधी मी एक सरळ पट्टा काढला, मग नागमोडी, मग चक्क एक फूल काढलं. जन्मभर नखानं भांड्याची काजळी काढणाऱ्या बाईच्या हातात असलं काही देऊच नये.

आवाज ऐकून शेजारची ताजबी चाची आली. रहमतुल्ला पेंटरची बायको. दोन मिनिटं तोंडाला पदर लावून बघितलं आणि मग सरळ हातच पुढं केला. तिनं आमचं गेट धुतलं, पाटा-वरवंटा धुतला, स्वतःच्या पायातली चप्पल काढून धुवायला गेली तर ती चप्पल उडून पेरूच्या झाडात अडकली. आम्ही दोघी पोट धरून खाली बसलो. सासूबाई काय वेडाचार लावलाय म्हणून ओरडत बाहेर आल्या आणि पाचच मिनिटांत गन त्यांच्या हातात होती. मग त्यांना कोण आवरणार? पायऱ्या झाल्या, तुळशीचा कट्टा झाला, न्हाणीची मागची भिंत झाली. गोठ्याकडं वळल्या तर म्हशीनं दाव्याला असा हिसडा दिला की मीच गन काढून घेतली.

राहिली होती फक्त दाराची भिंत. तिच्यावर आमचं लग्न होतं. आमच्याकडं लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर नावं रंगवतात तसं: वर गणपती, खाली शुभविवाह, दोन्ही कडांना भालदार-चोपदार, दाराच्या उजव्या अंगाला चि. संपत आणि डाव्या अंगाला चि. सौ. कां. वैजयंती. रहमतुल्ला चाचांनीच रंगवलेलं. ही नावं पावसानं पुसली तर चालतात, माणसानं पुसायची नाहीत, ज्याचं नाव त्याच्या जिवाला अपशकुन. घराला पिवळा रंग दिला तेव्हाही सासूबाईंनी रंगाऱ्यापुढं उभं राहून तेवढा चौकोन सोडायला लावला होता.

मी नाव सोडूनच धूत होते, देवाशप्पथ. पण संपतच्या नावावर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, अगदी मधोमध, नाकावर गाठ आल्यासारखं. ते काही फवाऱ्यानं निघेना. मग मी नोझल फिरवलं, फवाऱ्याची एकच बारीक धार केली, आणि दिली दाबून. मातीचं घर गेलं. त्याच्यामागं रंग गेला, रंगामागं चुना गेला, आणि मी खटका सोडेपर्यंत माझा नवरा भिंतीवरनं उतरून पायरीवर ओघळला होता. डाव्या अंगाला मी मात्र एकटी, ठळक, भोवतीची भिंत धुतल्यानं अजूनच उठून दिसणारी.

मला आधी हसूच आलं. ताजबी चाचीलाही आलं. मग मी मागं बघितलं तर सासूबाईंच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं. ही बाई मिठाची चिमूट सांडली तरी वाडी गोळा करते. आता नुसत्या पायरीवर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पोरगं घाटात हाय गं."

मी असलं काही मानत नाही. बारावी झालेय, मानत नाही म्हणजे नाही. तरी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. घाटात कधी रेंज असते का, असं मी मोठ्यानं म्हटलं, आणि लगेच परत लावला, परत तेच. रोज त्या घाटात रेंज नसते आणि रोज मला त्याचं काही वाटत नाही. आज त्या फोनमधल्या बाईचा मला असा राग आला, की समोर असती तर तिच्यावर गन धरली असती.

ताजबी चाचीनं पळत जाऊन नवऱ्याला उठवून आणलं. रहमतुल्ला चाचा डबा-ब्रश घेऊन आले. फ्लेक्स आल्यापासून ब्रश धरला नव्हता, तो कडक होऊन खराट्यासारखा झालेला. त्यांनी भिंतीला तळहात लावला आणि मान हलवली. भिंत पाणी प्यालीय म्हणाले, ऑइलपेंट धरणारच नाही, उद्या बघू. सासूबाई म्हणाल्या, उद्या न्हाई, आत्ता, त्यो घाट उतरायच्या आत. तो घाट आता उतरायचा नाही, चढायचा आहे, हे सांगायचं धाडस कुणालाच झालं नाही.

मग काय, भिंत वाळवायची. आतला टेबलफॅन बाहेर आणून खुर्चीवर ठेवला. सासूबाई टॉवेलनं भिंत टिपायला लागल्या, न्हाऊ घातलेल्या लेकराचं डोकं पुसावं तसं हळूहळू. ताजबी चाची सुनेचं केस वाळवायचं यंत्र घेऊन आली आणि जिथं संपत होता तिथं गरम वारा मारायला लागली. रस्त्यानं जाणारे मोटरसायकलवाले थांबून विचारायचे, काय चाललंय राव? मी सांगायची, भिंतीला सर्दी झालीय, जावा पुढं. तोंडानं असं बोलत होते आणि हातातला फोन घामानं भिजला होता. ब्रश रॉकेलमध्ये बुडवून चाचा तिसऱ्यांदा भिंत चाचपत होते, एवढ्यात रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला.

संपत उतरला. धडधाकट, दाढी वाढलेली, हातात वडापावची पुडी. सासूबाईंनी धावत जाऊन त्याचं तोंड, खांदे, हात असे चाचपले, की तो गांगरूनच गेला. त्यांच्या खांद्यावरनं त्यानं अंगण बघितलं: पेरूच्या झाडावर चप्पल, भिंतीला वारा घालणारा फॅन, हातात केसाचं यंत्र घेतलेली ताजबी चाची. आणि पहिला प्रश्न काय विचारावा? मशीन कुणी काढलं बाहेर? मग माझा जो पट्टा सुटला. फोन कशाला बाळगतोस, बायकामाणसं इथं मरायला टेकली, तुला मशीनची पडलीय, सगळं बोलले आणि मध्येच आवाज चिरकला. तो जिवंत आहे म्हणून मी त्याला शिव्या देत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की थांबताच येईना.

मग त्यानं भिंत बघितली. एकट्या वैजयंतीकडं बघून असा हसायला लागला की पुडी खाली पडली. म्हणाला, आता हिचं एकटीचं कशाला ठेवायचं, तेही काढू आणि दोन्ही नवी लिहू, चाचा आलेतच. त्याला वाटलं सगळा प्रश्न सुटला. गन उचलली, नोझल फिरवून फवारा केला, आणि डाव्या अंगाला धरून खटका ओढला.

मला कळायच्या आत सासूबाई मध्ये होत्या. भिंतीला पाठ लावून, पदर दोन्ही हातांनी पसरून, माझ्या नावापुढं उभ्या. सगळा फवारा त्यांच्या अंगावर. कुंकू ओघळलं, केस तोंडावर आले, तरी बाई हलेना. संपतनं घाबरून गन टाकली, चाचांनी पळत जाऊन फॅनचं बटण बंद केलं.

"माझ्या सुनंच्या नावाला हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "ती काय कुणाची न्हाई व्हय रं?"

सकाळपासनं मी हसत होते, घाबरत होते, भांडत होते. आता मात्र मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. त्या बाईला लेकासाठी घाबरताना मी दुपारभर बघितलं होतं. माझ्यासाठीही तेवढंच घाबरायचं असतं, हे मला कधी वाटलंच नव्हतं. मी पायरीवर पडलेला टॉवेल घेतला आणि त्यांचं डोकं पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात झटकून भिंतीकडं वळवला.

"मला ऱ्हाऊ दे, आधी ते कोरडं कर. तुझं नाव भिजलंय."