संहितेत नसलेला पाय

मंगळवारी सकाळी साडेआठला परीक्षेचा रुग्ण आला नाही. इलोइलो शहरात त्या दिवशी जीपनीवाल्यांचा, म्हणजे प्रवासी जीपगाड्यांचा संप होता. वैद्यकीय महाविद्यालयाच्या परीक्षेत दर वर्षी कंपवाताचा रुग्ण म्हणून बसणारे नोंग बेर्तो यांना आपला कंपवात घेऊन पाविया गावाहून चालत येणं शक्य नव्हतं.

"मग मीच बसतो," डॉ. एर्विन गेलादा म्हणाले.

कुणाला नवल वाटलं नाही. गेलादा मेंदूचे आणि मज्जातंतूंचे आजार शिकवत आणि रुग्णांच्या चाली हुबेहूब करून दाखवत. अर्धांगाची फेंगडी चाल, कंपवाताची तुरुतुरु चाल, लहान मेंदू बिघडल्यावरची दारुड्यासारखी चाल. त्यांच्या चालींच्या तासाला दुसऱ्या वर्गांतली मुलंही मागे येऊन उभी राहत.

परीक्षेची संहिता एका पानाची होती. रुग्ण बासष्ट वर्षांचा कोळी, उजव्या हाताला कंप, चालताना उजवा हात हलत नाही. विद्यार्थ्यानं तपासायचं, काय दिसलं ते सांगायचं, निदान करायचं, उपचार सुचवायचे. गुण द्यायला विभागप्रमुख डॉ. नेनिता सुमागायसाय बसल्या होत्या. गेलादांनाही त्यांनीच शिकवलं होतं.

एक नियम मात्र गेलादांचा स्वतःचा होता. एखादं लक्षण नजरेतून सुटलं तर गुण कापायचे, पण नसलेलं लक्षण सांगितलं तर त्या टेबलावर सरळ नापास. मुलं आधी रुग्णाच्या आजाराचं नाव कुठूनतरी काढतात आणि मग पुस्तकातलं सगळं त्यांना दिसायला लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. नियम येऊन सहा वर्षं झाली होती आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

दहा वाजेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. एकानं तपासून झाल्यावर वाकून नमस्कार केला. "डॉक, तुम्ही चुकून डॉक्टर झालात. मनिलाला जाऊन मालिकांत काम करायला हवं होतं."

"तोतो, तू काय चुकून होणार आहेस ते आधी बघू," गेलादा थरथरत्या हातानं त्याला घालवत म्हणाले.

मग ज्युवी दादिवास आली. शेवटच्या वर्षाची, कापीस प्रांतातल्या पानितानची. इथे नापास झाली की एक वर्ष मागे पडणार होती. तिनं हात तपासले, मनगटं फिरवून पाहिली, आणि म्हाताऱ्या रुग्णाला म्हणावं तसं म्हणाली, "ताताय, जरा पुन्हा चालून दाखवता?"

गेलादा चालले. उजवा हात पोटाशी, बोटं गोळी वळल्यासारखी. ती हाताकडे पाहत नव्हती.

"अजून एकदा, ताताय."

नेनिता मॅमनी घड्याळाकडे पाहिलं. "सांग, दाय, सांग पोरी."

"उजव्या हाताला कंप आहे. उजवा हात हलत नाही. आणि डावा पाय आत वळतो, टाच टेकायच्या आधी."

"डावा?"

"हो मॅम."

"निदान?"

"नुसत्या हातावरून कंपवात म्हटलं असतं. पण पाय धरला तर आधी लुबाग बघीन. पुरुष आहेत, पानायचे आहेत. आईकडच्या पुरुषांची चौकशी करीन. मग रक्त तपासायला पाठवीन. त्याआधी गोळ्या सुरू करणार नाही, लुबागमध्ये त्यांचा फारसा उपयोग होत नाही."

लुबाग हा पानाय बेटाचाच आजार. आई देते आणि मुलगा भोगतो. चाळिशीच्या आसपास अंग पिळवटायला लागतं, पुढे आखडतं. ज्या घरात असतो त्या घरात त्याचं नाव घेत नाहीत.

गेलादांनी कंप थांबवला आणि ते सरळ बसले. "डाव्या पायाला काही नाही. संहितेतही नाही."

ज्युवीनं एकदा त्यांच्या बुटांकडे पाहिलं. "मला दिसलं, डॉक."

नेनिता मॅमनी नापास लिहिलं.

दुपारी गेलादा उपाहारगृहात बाचोय, म्हणजे शेवयांचं सूप, खात बसले होते. ज्युवी समोर येऊन उभी राहिली.

"बस. तुला मागवू एक वाटी?"

"नको. डॉक, मी नसलेलं सांगितलं नाही."

"रुग्ण मी होतो, दाय. मी काय काय केलं ते मला ठाऊक असणार ना?"

"तुम्ही केलंच नाही, डॉक. म्हणूनच म्हणते. तुमचं सगळं लक्ष उजवीकडे होतं. डावा पाय आपला आपण चालत होता."

गेलादांनी चमचा खाली ठेवला. "कॉलेजात बास्केटबॉल खेळताना घोटा मुरगळला होता. डावाच."

"कधी?"

"तेव्हा तू जन्मली नसशील."

"मग गेल्या वर्षी का नव्हता वळत?"

"गेल्या वर्षीपासून माझे पाय बघतेस?"

"तुम्हीच सांगितलंत, तोंडं बघू नका, पाय बघा." ती आता खुर्चीत बसली. "माझ्या मामाच्या चपला बाहेरच्या कडेनं झिजायच्या. सुरुवातीला तेवढंच होतं. आई चांभाराला शिव्या घालायची."

"आणि मामा?"

"आता झोपूनच असतो. घशाखाली काही उतरत नाही."

गेलादांनी वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "उद्या दहाला मॅमच्या खोलीबाहेर ये."

खोलीवर जाऊन त्यांनी दार लावलं, बूट काढले आणि वर्तमानपत्र पसरून टेबलावर उलटे ठेवले. उजव्याचा तळ सारखा झिजला होता. डाव्याची बाहेरची कड अस्तरापर्यंत गेली होती. मुरगळलेल्या घोट्यानंही असं होऊ शकतं. विद्यार्थ्यानं विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं. बूट नऊ महिन्यांपूर्वी घेतलेले होते. घोटा सत्तावीस वर्षांपूर्वीचा होता.

त्यांनी गिंबाल गावी आईला फोन लावला. आई मूळची कापीसची. तिचा एक भाऊ होता, तियो आदोंग. तो कामासाठी दावावला गेला आणि तिकडेच राहिला, एवढंच घरात सांगितलं जाई. पंधरा वर्षं लुबाग शिकवणाऱ्या गेलादांनी याहून जास्त कधी विचारलं नव्हतं.

"नानाय, तियो आदोंग दावावला गेले तेव्हा केवढे होते?"

"कोण जाणे. चाळीस असेल. का रे?"

"चालायचे कसे?"

पलीकडे टीव्हीचा आवाज होता. तो बंद झाला.

"तुला कोण बोललं?"

"कोणी नाही. परीक्षेत एका मुलीनं माझा पाय बघितला."

आई म्हणाली, "मी तेव्हाच सांगत होते. डॉक्टर हो, पण डोळ्यांचा हो."

"नानाय, ते दावावला गेले होते का?"

"शनिवारी ये. फोनवर नको."

बुधवारी दहाला ज्युवी बाहेरच्या बाकावर बसली होती. आत गेलादा म्हणाले, "मॅम, दादिवासचा निकाल पुन्हा बघायचाय."

"कशावरून? पायाला काही नाही, असं तूच म्हणालास. नियमही तुझाच."

"नियम तोच आहे. लक्षण होतं की नव्हतं, एवढंच ठरवायचं."

"आणि ते मी ठरवायचं?"

"काल परीक्षक तुम्ही होतात. मी नुसता रुग्ण."

नेनिता मॅमनी चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "एर्विन, इतकी वर्षं तू माझ्या शेजारच्या खोलीत बसतोयस. मला दिसलं नाही."

"मलाही नाही."

"चल बाहेर."

व्हरांडा लांब होता. मॅमनी गेलादांना बूट-मोजे काढायला लावले. ज्युवी उठून भिंतीला टेकली. गेलादा टोकापर्यंत जाऊन आले. चाल सरळ होती. पाऊल नीट पडतंय याकडे ते स्वतः लक्ष देत होते, हे तिघांनाही कळत होतं.

"आता शंभरातून सात-सात वजा करत चाल. मोठ्यानं."

रुग्णाचं लक्ष पायांवरून उडावं म्हणून हे करतात. दर वर्षी तिसऱ्या आठवड्यात गेलादा स्वतः ते शिकवत.

"त्र्याण्णव," ते म्हणाले. "शहाऐंशी. एकोणऐंशी." चौथा आकडा लवकर आला नाही. ते आकडा शोधत होते आणि पाय चालत होते. "बहात्तर."

"थांब," नेनिता मॅम म्हणाल्या.

ते थांबले. खाली पाहिलं नाही.

"आहे," मॅम म्हणाल्या. "कशामुळे, ते मी आज सांगणार नाही. पण आहे." मग ज्युवीकडे वळून म्हणाल्या, "तू पास आहेस, दाय. आता जा. आणि हे वर्गात कुणाला सांगायचं नाही."

"मी कशाला सांगेन, मॅम," ज्युवी म्हणाली. पण ती गेली नाही. तिनं गेलादांचे बूट उचलून त्यांच्यासमोर ठेवले, आणि मगच गेली.

त्याच दुपारी निकाल बदलला. गुरुवारी नेनिता मॅमनी स्वतः गेलादांचं रक्त काढून मनिलाला पाठवलं. शनिवारी ते गिंबालला जाऊन आले. आईनं काय सांगितलं ते त्यांनी मॅमना सांगितलं, आणखी कुणाला नाही.

मनिलाहून अजून उत्तर आलेलं नाही. संप मिटला आहे. गेल्या मंगळवारी चालींचा तास झाला तेव्हा नोंग बेर्तो जीपनीनं वेळेवर आले. त्यांनी सगळ्यांना चालून दाखवलं, आणि गेलादांनी खुर्चीत बसून शिकवलं.